खडूने खाल्लेले पोलाद : सोलापूरच्या पाईपामागचे मळसूत्र

सांगोला किंवा मंगळवेढ्याच्या शिवारात डाळिंबाची बाग पाहताना नजर फळांवर खिळते. बांधाच्या कडेने गेलेला राखाडी पीव्हीसी पाईप कोणी न्याहाळत नाही. २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात आले, २०१६ साली 'सोलापूर डाळिंबा'ला भौगोलिक मानांकन मिळाले. पण १९७२च्या दुष्काळाने होरपळलेल्या या जिल्ह्यात ही बाग उभी राहते ती ठिबकच्या थेंबांवर, आणि ते थेंब झाडापर्यंत येतात त्या पाईपातून. त्या पाईपात प्लॅस्टिकच्या जोडीने दगडही असतो. दळलेली चुनखडी, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट. बोलीभाषेत खडूची पूड. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी हा दगड वाटेतले पोलाद खात येतो. आजचा धागा त्या पोलादाचा.

पाईप घडतो एक्स्ट्रुडरमध्ये. तापवलेल्या पोलादी नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, स्क्रू फिरतो. तो पूड पुढे ढकलतो, दाबतो, घुसळतो, वितळवतो आणि शेवटी डायमधून नळीच्या आकारात बाहेर काढतो. मराठीत स्क्रूला मळसूत्र हा जुना आणि नेमका शब्द आहे. पाणी उपसणारे मळसूत्र आर्किमिडीजच्या नावाने ओळखले जाते, पण घट्ट लगदा दाबून आकार देण्याच्या कामी ते फार उशिरा आले. १७९७ साली जोसेफ ब्रामाने शिशाचे नळ काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात दट्ट्या होता. पुढे समुद्राखालून तारायंत्राच्या केबल टाकण्याचे युग आले. १८७० साली मुंबई सुएझशी जोडली गेली ती अशाच केबलने. तिच्या तांब्याच्या तारांवर गटापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टन होते. असे वेष्टन चढवण्याचे कामही आधी दट्ट्याच करी. दट्ट्याची अडचण अशी की तो मागे येतो तेव्हा काम थांबते. अखंड चालणारे मळसूत्र हवे होते; १८७९ साली इंग्लंडमध्ये मॅथ्यू ग्रे यांनी त्याचे पेटंट घेतले. १९३५च्या सुमारास जर्मनीत हॅनोव्हरच्या ट्रोस्टर कंपनीने खास प्लॅस्टिकसाठीचा एक्स्ट्रुडर तयार केला. इथवरचा इतिहास पाठ्यपुस्तकांत सापडतो. पुढचा, म्हणजे झिजेचा, फारसा सापडत नाही.

रबर किंवा गटापर्चा मऊ. त्यांत स्क्रू झिजायचा, पण सावकाश. चित्र पालटले ते प्लॅस्टिकमध्ये खनिजाची भर घातली जाऊ लागल्यावर. खडू, अभ्रक, काचतंतू, टायटॅनियम डायऑक्साइड ही भर काही वेळा गुणांसाठी असते : काचतंतूने ताकद येते, टायटॅनियमने पांढरेपणा येतो. खडूची भर मात्र बव्हंशी खर्चासाठी. १९७३च्या तेलसंकटात खनिज तेलाच्या किमती कडाडल्या, त्यामागोमाग प्लॅस्टिकही महागले आणि स्वस्त भरीचे आकर्षण जगभर वाढले. वाचलेला पैसा मालाच्या हिशेबात लगेच दिसतो. त्याची परतफेड स्क्रू करतो, आणि ती दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात.

येथे एक कोडे आहे. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर टाल्क १, खडूतले कॅल्साइट ३, काच साधारण साडेपाच आणि गारगोटी ७. कडक केलेले पोलाद कॅल्साइटपेक्षा कितीतरी कठीण. मग मऊ खडू पोलाद कसा खातो? ज्यांनी मोटेच्या जुन्या विहिरी पाहिल्या आहेत त्यांना उत्तराची दिशा ठाऊक आहे. काठाच्या काळ्या दगडात दोराने बोटभर खोल खाचा पडलेल्या असतात. दोर दगडापेक्षा मऊच, पण त्याच्या पिळात बारीक धूळ आणि रेती अडकलेली असते, आणि तो वर्षानुवर्षे त्याच जागी घासतो. नैसर्गिक चुनखडीतही गारगोटीचे कण मिसळलेले असतात. टक्केवारी नगण्य, पण स्क्रूवरून टनांनी माल जातो, तोही प्रचंड दाबाखाली. शिवाय पीव्हीसीची एक खोड आहे : जास्त तापले की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. आम्ल पोलादाचा पृष्ठभाग कुरतडते, खडू तो सैल झालेला थर खरवडून नेतो आणि आम्लापुढे पुन्हा ताजे पोलाद उघडे पडते. दोघे मिळून जे करतात ते एकट्याला जमले नसते.

नुकसान होते कुठे? स्क्रूच्या आट्यांचा माथा आणि बॅरलची आतली भिंत यांत जी फट असते, तिथे. एका बाजूची फट ठोकळमानाने स्क्रूच्या व्यासाचा हजारावा भाग. शंभर मिलिमीटरच्या स्क्रूला मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. माथा झिजला की फट वाढते आणि पुढे जाणारा माल तिच्यातून मागे गळतो. तितक्याच फेऱ्यांत पाईप कमी निघतो, म्हणून चालक फेऱ्या वाढवतो. फेऱ्यांनी उष्णता वाढते, उष्णतेने आम्ल सुटते, आम्लाने झीज वाढते.

मग स्क्रू सरळ कठीण लोखंडाचाच का ओतू नये? हा प्रश्न सोलापुरात विचारणे अधिक रास्त, कारण कठीण लोखंड ओतण्याची विद्या या शहरात आहे. १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही सोलापूरची कंपनी मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट ओतते. त्यातली चिल्ड कास्टिंगची रीत पाहण्यासारखी आहे. वाळूच्या साच्यात जिथे कॅमचा उंचवटा यायचा तिथे धातूचे तुकडे बसवतात. वितळलेले बीड त्या थंड धातूला टेकते आणि झटक्यात गोठते. आतल्या कार्बनला ग्रॅफाइट होण्याइतकी सवड मिळत नाही, तो लोखंडाशी बांधला जाऊन अतिकठीण कार्बाइड होतो. बाकीचा दांडा वाळूत निवांत थंड होतो आणि यंत्रावर कापता येईल इतका मऊ राहतो. एकाच ओतकामात दोन स्वभाव.

ही युक्ती नांगराची आहे. १८०३ साली इंग्लंडमधील इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी याच रीतीने फाळाची खालची बाजू कठीण केली. वरची मऊ बाजू मातीत आधी झिजे, खालची टिके, त्यामुळे फाळाला आपोआप धार राही. झिजेलाच कामाला लावण्याचे इतके सुंदर उदाहरण दुसरे सापडणे अवघड. (लोखंडी नांगर म्हटले की महाराष्ट्राला लक्ष्मणराव किर्लोस्कर, १९१० साली वसलेली किर्लोस्करवाडी आणि पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाल्यावर शाहू महाराजांनी वितळवण्यासाठी दिलेल्या जुन्या तोफा आठवतात. तोफेचा नांगर झाला हे सारे सांगतात. फाळ किती दिवस टिकला हे विचारणारा विरळा.)

मळसूत्राला ही युक्ती चालत नाही. चिल्ड बीड कठीण खरे, पण ठिसूळ. एक्स्ट्रुडरचा स्क्रू आपल्या व्यासाच्या वीस-तीस पट लांब असतो, एका टोकाला मोटर त्याला पिळते आणि दुसरीकडे घट्ट माल त्याला अडवतो. असा दांडा आतून चिवट असला पाहिजे, नाहीतर तुटतो. आत चिवटपणा आणि वर काठिण्य हवे, तेही ओतल्यानंतर, आकार नेमका कापून झाल्यावर आणलेले.

पहिले उत्तर नायट्रायडिंगचे. १९२०च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत एसेन येथील क्रुप कारखान्यात आडोल्फ फ्राय यांनी खास मिश्रपोलाद अमोनिया वायूत सुमारे ५०० अंशांवर तासन् तास ठेवले. नायट्रोजन पृष्ठभागात मुरला आणि काचेहून कठीण कवच तयार झाले. तापमान कमी असल्याने दांडा वाकत नाही, म्हणून ही पद्धत स्क्रूसाठी घरोघरची झाली. मर्यादा एकच, पण मोठी : कवच मिलिमीटरच्या अर्ध्याच्या आसपास. ते संपले की खालचे साधे पोलाद भराभर जाते.

दुसरे उत्तर आट्यांच्या माथ्यावरच कठीण धातूचा थर चढवण्याचे. अमेरिकेत एलवुड हेन्स यांनी १९०७ साली पेटंट घेतलेले कोबाल्ट-क्रोमियमचे स्टेलाइट येथे उपयोगी पडले. पीव्हीसीच्या स्क्रूंवर मॉलिब्डेनमचा थरही देतात. १९२६ साली क्रुपनेच टंगस्टन कार्बाइड 'विडिया', म्हणजे 'हिऱ्यासारखे', या नावाने बाजारात आणले. त्याचे कण निकेलच्या मिश्रधातूत रोवून बॅरलच्या आत अस्तर देता येते. १९७०च्या सुमारास पावडर धातुशास्त्राने पोलादातच व्हॅनेडियम कार्बाइडचे बारीक कण समप्रमाणात विखुरण्याची सोय केली. हे कण गारगोटीहून कठीण. काचतंतूंच्या मालासाठी असे पोलाद वापरतात. किंमतही तशीच, म्हणून साध्या पाईपाचा कारखानदार त्याच्या वाटेला क्वचित जातो.

तिसरे उत्तर धातूत नाही, रचनेत आहे, आणि ते सोलापूरकरांना ओळखीचे वाटावे. हा करडईचा जिल्हा. करडईच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचे केंद्रही येथेच. बैलाच्या घाण्याची जागा ज्या एक्स्पेलरने घेतली, त्याचे पेटंट क्लीव्हलँडच्या व्हॅलेरियस अँडरसन यांचे, साल १९००. त्याच्या पोटातही मळसूत्रच असते. करडईचे टणक टरफल आणि बियांसोबत येणारी माती त्याला घासते. पण सध्याच्या एक्स्पेलरमधले मळसूत्र अखंड नसते. दांड्यावर ओवलेले सुटे तुकडे असतात. जिथे दाब जास्त तिथला तुकडा आधी जातो, तेवढाच काढून त्यावर वेल्डिंगने भर घालतात किंवा नवा बसवतात. प्लॅस्टिकच्या मिश्रणाचे जोडस्क्रू यंत्र जर्मनीच्या वेर्नर आणि फ्लायडरर कंपनीने १९५०च्या दशकात बायरच्या परवान्यावर बाजारात आणले. त्यातही हेच तत्त्व आहे : खाचांच्या दांड्यावर सुटे तुकडे. खनिज जिथे कोरडे पडते तिथले तुकडे महाग पोलादाचे, बाकीचे साधे. त्याहून शहाणपणाची गोष्ट म्हणजे खनिज आरंभी न घालता प्लॅस्टिक वितळल्यावर बाजूच्या तोंडातून सोडणे. वितळलेला माल कणांना माखतो आणि त्यांची धार बोथट होते. पाईपाच्या कारखान्यात खडू आधीच मिसळावा लागतो, म्हणून तिथे तो स्टिअरिक आम्लाने लेपलेला घेतात.

या साऱ्याची झळ शेतकऱ्यापर्यंत पोहोचते ती वेगळ्याच रूपाने. बाजारात पाईप हातात घेऊन 'वजनदार आहे, टिकेल' असे म्हणण्याची पद्धत आहे. पीव्हीसीची घनता सुमारे १.४, खडूची २.७, म्हणजे त्याच मापाचा पाईप जितका अधिक खडूचा तितका अधिक जड, आणि अधिक ठिसूळ. पिण्याच्या पाण्याच्या पाईपांसाठीच्या आय.एस. ४९८५ या भारतीय मानकाने घनता १.४० ते १.४६ यांच्या मध्ये बांधली आहे ती याचसाठी. खडूचा हात सैल सोडणारा कारखानदार दोघांना नाडतो : मे महिन्याच्या उन्हात पाईप तडकून ज्याची बाग सुकते त्याला, आणि स्वतःच्या स्क्रूला.

पीव्हीसी पाईपाच्या यंत्रात बहुधा शंकूच्या आकाराचे दोन स्क्रू असतात, एका टोकाला जाड, दुसऱ्याला निमुळते. त्यांचे माथे झिजले की ते बॅरलमध्ये किंचित पुढे सरकवतात. निमुळतेपणामुळे वाढलेली फट पुन्हा भरून येते आणि पाईप पूर्ववत निघू लागतो. असे थोडेच वेळा करता येते. पुढे सरकायला जागा उरत नाही तेव्हा दोन्ही स्क्रू बाहेर काढून माथ्यांवर नवा थर चढवायला पाठवतात, आणि ते परत येईपर्यंत यंत्र बंद राहते.