शपथ न घेणारा गव्हर्नर

मंडळी, निवडून आलेल्या माणसाने लोकांचे ऐकावे, असे आपण नेहमी म्हणतो आणि ते खरेही आहे. पण ज्यांनी निवडून दिले तेच लोक चुकीच्या वाटेने निघाले तर त्याने काय करावे? त्यांच्या पुढे धावावे, की वाटेत आडवे उभे राहावे? अमेरिकेतील टेक्सस राज्याचा गव्हर्नर सॅम ह्यूस्टन याच्यापुढे १८६१ साली नेमका हाच प्रश्न येऊन ठाकला. त्याने काय केले, ते आज पाहू.

आधी एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे राज्यपालाची नेमणूक होते. अमेरिकेत गव्हर्नर लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि राज्याचा कारभारही तोच पाहतो. म्हणजे कामाने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. सेनेट हे तिथल्या संसदेचे वरिष्ठ सभागृह. राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाचे तिथे दोनच सभासद. त्या काळी हे सेनेटर राज्याचे विधिमंडळ निवडून देत असे.

ह्यूस्टनचा जन्म २ मार्च १७९३ रोजी व्हर्जिनियात झाला. बाप वारल्यावर आई मुलाबाळांना घेऊन टेनेसीत आली. सॅमचे शाळेत मन रमेना. दुकानात बसवले, तर तिथूनही तो पळाला आणि चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांत जाऊन सुमारे तीन वर्षे राहिला. त्यांची भाषा शिकला. त्यांच्या एका पुढाऱ्याने त्याला मुलगा मानले. पुढे अंगावर देणे झाले, तेव्हा ते फेडायला या शाळा चुकवणाऱ्या पोराने मेरीव्हिल गावाजवळ चक्क मास्तरकी केली! फी होती आठ डॉलर. त्यातला तिसरा हिस्सा मक्याच्या रूपाने, तिसरा कापडाच्या आणि तिसरा रोख. आपल्या जुन्या पंतोजींची आठवण व्हावी असाच हा व्यवहार.

मग तो सैन्यात गेला, १८१४ च्या लढाईत जबर जखमी झाला. वकील झाला, संसदेत गेला आणि १८२७ साली टेनेसीचा गव्हर्नर झाला. पण १८२९ मध्ये लग्नाला तीन महिनेही झाले नाहीत तोच संसार मोडला. कारण त्याने कधीच उघड सांगितले नाही. गव्हर्नरपदाचा राजीनामा देऊन तो पुन्हा आपल्या चेरोकी मंडळींकडे निघून गेला. लोक म्हणाले, संपला हा माणूस!

१८३२ साली तो टेक्ससमध्ये आला. टेक्सस तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. अमेरिकेतून आलेल्या वसाहतवाल्यांचे आणि मेक्सिकोच्या सरकारचे बिनसले होते. त्यात गुलामगिरीचाही वाद होता. मेक्सिकोला ती नको होती आणि वसाहतवाले गुलाम बाळगून होते. लढाई जुंपली. २१ एप्रिल १८३६ रोजी सॅन जॅसिन्टो येथे सेनापती ह्यूस्टनने अवघ्या अठरा मिनिटांत मेक्सिकोच्या फौजेचा मोड केला. दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा अध्यक्ष सांता आना हाती सापडला. टेक्सस स्वतंत्र देश झाला आणि ह्यूस्टन दोनदा त्याचा अध्यक्ष झाला. १८४५ साली टेक्सस अमेरिकेच्या संघराज्यात सामील झाले. त्यानंतर तेरा वर्षे ह्यूस्टनने सेनेटमध्ये टेक्ससची बाजू मांडली.

आता खऱ्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाची मोठी शेती गुलामांच्या श्रमावर चाले. पश्चिमेकडे नवे मुलूख वसत होते. तिथे गुलामगिरी असावी की नसावी, यावरून उत्तर आणि दक्षिण भांडत होती. १८२० साली एक तडजोड झाली होती आणि गुलामगिरीला हद्द घालून दिली होती. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती हद्दच पुसून टाकली. ह्यूस्टन म्हणाला, हा जुना करार मोडाल तर देश फुटेल. शिवाय मूळ रहिवाशांना दिलेली वचनेही यात मोडली जात आहेत. दक्षिणेच्या सेनेटरांपैकी फक्त दोघांनी विरोधात मत दिले. टेनेसीचा जॉन बेल आणि हा ह्यूस्टन. टेक्ससच्या विधिमंडळाने त्याचा निषेध केला आणि पुढे त्याची जागा दुसऱ्याला दिली. १८५७ ची गव्हर्नरपदाची निवडणूकही तो हरला. पण १८५९ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि त्याच प्रतिस्पर्ध्याला पाडून गव्हर्नर झाला.

१८६० मध्ये लिंकन अध्यक्ष म्हणून निवडून आला, तेव्हा दक्षिणेतली राज्ये एकेक करून संघराज्यातून बाहेर पडू लागली. टेक्ससमध्येही परिषद भरली. १ फेब्रुवारी १८६१ रोजी फुटून निघण्याच्या बाजूने १६६ मते पडली, विरुद्ध फक्त ८. नंतर लोकांचे मत घेतले. तेही तिपटीने त्याच बाजूला गेले. प्रत्येक अधिकाऱ्याने नव्या दक्षिणी राष्ट्राशी निष्ठेची शपथ घ्यावी, असे परिषदेने फर्मावले. १६ मार्चला ऑस्टिन येथे ह्यूस्टनच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. तो त्याच इमारतीच्या तळघरात चाकूने लाकूड तासत बसून राहिला, वर आला नाही. परिषदेने त्याचे पद रिकामे झाल्याचे ठरवले.

लिंकनने फौजेची मदत देऊ केली होती. ती त्याने नाकारली. आपल्या खुर्चीसाठी टेक्ससच्या माणसांचे रक्त सांडायला तो तयार नव्हता. तो घरी गेला. वाटेत गॅल्व्हेस्टनला मात्र त्याने लोकांना बजावले की, उत्तरेची माणसे रागाला सावकाश चढतात, पण एकदा निघाली की मागे फिरत नाहीत. कोणी ऐकले नाही. त्याचा थोरला मुलगासुद्धा दक्षिणेच्या सैन्यात गेला आणि १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत घायाळ झाला. २६ जुलै १८६३ रोजी हंट्सव्हिल येथे ह्यूस्टन वारला. त्याच महिन्यात व्हिक्सबर्ग पडले आणि दक्षिणेचे दोन तुकडे झाले. दोन वर्षांच्या आत त्याचा इशारा पुरता खरा ठरला.

पण मंडळी, इथेच थांबलो तर आपण अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. ह्यूस्टन संघराज्यासाठी उभा राहिला, गुलामांच्या मुक्ततेसाठी नव्हे. त्याच्या स्वतःच्या घरी दहा-बारा गुलाम होते. १८६० च्या शिरगणतीत टेक्ससच्या सुमारे सहा लाख वस्तीत १,८२,००० गुलाम होते, म्हणजे दर दहा माणसांत तीन. ज्या मतदानात टेक्ससने आपले भवितव्य ठरवले, त्यात या लोकांना मत नव्हते. ‘लोकांनी कौल दिला’ असे म्हणताना कोणते लोक, हे विचारावेच लागते.

त्या गुलामांत जोशुआ नावाचा एक लोहार होता. १८६५ मध्ये मुक्ती मिळाली. हाच जोशुआ ह्यूस्टन पुढे मतांनी निवडून येऊन काउंटीच्या कारभारात बसला आणि त्याच्या मुलाने हंट्सव्हिलजवळ काळ्या मुलांसाठी शाळा काढली.

गुरुजी, वर्गात सॅम ह्यूस्टन सांगाल तेव्हा सॅन जॅसिन्टोची लढाई सांगा, मुलांना ती आवडेल. पण तळघरात बसलेला म्हातारा विसरू नका आणि जोशुआ लोहारालाही विसरू नका. एकाने बहुमतापुढे मान तुकवली नाही. दुसऱ्याला त्या बहुमताने माणसांत मोजलेच नव्हते. दोघे मिळून तो इतिहास पुरा होतो.