धोट्याचा विटाळ

मोहन्याची रेयॉन गिरणी २००९ साली बंद पडली. तिच्या कामगारांची मुले आज माझ्या वर्गात आहेत. त्यांना मी गिरणगावचा इतिहास सांगतो. कोकणातून, घाटावरून पोटासाठी आलेल्यांच्या घामावर मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्या. पण येणाऱ्यांनी सोबत जातही आणली. साचेखात्यात पगार जास्त. तिथे धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्यांना बंदी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले : ही बंदी उठवण्याची मागणी घ्या, नाहीतर आमच्या लोकांना संपापासून दूर ठेवीन. मागणी नाइलाजाने घेतली गेली. मालक म्हणाले, हा अन्याय आमचा नव्हे. ते खरेच होते! एकजुटीच्या नावाखाली आपल्याला गप्प बसवले जाते, तेव्हा मागणीपत्रातली ती एक ओळ आठवावी.