वसईच्या वाटेने

मुंबई-अहमदाबाद रस्त्यावरून वसई फाट्याला पश्चिमेकडे वळा, म्हणजे अर्ध्या दिवसात दोनशे वर्षांचा फेरफटका होतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती जिंकली. इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवांना वाहिल्या. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हा सन आणि क्रूस अजून दिसतो. शिक्षकांनी सहल नेली तर मुलांना तो जरूर दाखवावा.

फिरंगी गेले, पण पाव, बटाटा, काजू, पपई हे त्यांचे शब्द आपल्या ताटात राहिले. चावी, पगार, लिलावही त्यांचेच बरं का!

वसईचा आवडता उद्योग मात्र तिथल्या मातीतला. पिकलेली राजेळी केळी सोलून कडक उन्हात वाळवायची, म्हणजे मधासारखी गोड सुकेळी होतात. ख्रिस्ती बागाईतदारांच्या घराघरांतला हा धंदा. ऊन आजही फुकट मिळते. बागा मात्र इमारतींखाली चालल्या आणि सुकेळी करणारी घरे थोडीच उरली. तेव्हा परतताना एक पुडके घ्या, आणि वाळवणाला किती दिवस लागले, ते करणाऱ्या बाईंनाच विचारा.