पाव, भाकरी आणि हात

मंडळी, गेल्या पावसाळ्यात महाडला एका ओळखीच्या घरी गेलो होतो. त्यांच्या मुलाने मुंबईहून घरच्या घरी पाव भाजण्याचे यंत्र पाठविले होते. तांदळाच्या डब्याएवढा त्याचा आकार. आत एक भांडे, भांड्याच्या तळाशी लहानसे पाते. पाणी, मीठ, साखर, थोडे तेल, गव्हाचे पीठ आणि वर चिमूटभर यीस्ट घालायचे, झाकण लावायचे, कळ दाबायची. तीन-साडेतीन तासांनी पाव तयार! घरातल्या आजी बराच वेळ ते गरगरणे ऐकत बसल्या होत्या. शेवटी त्यांनी विचारले, "पीठ कोण मळतंय रे?"

नातू म्हणाला, "यंत्रच मळतंय, आजी."

"ते कळलं मला. पण हात कुणाचा?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी परत येताना मनात आले, आजींनी विचारले ते काही वेडगळ नव्हे. आपल्या मुलखात पाव आल्यापासून लोक हेच तर विचारत आले आहेत. पीठ कसले आणि चव कशी, हे प्रश्न मागाहूनचे. आधी हात कुणाचा ते सांगा!

महाड-पोलादपूरकडचे आपले रोजचे अन्न म्हणजे तांदळाची नाही तर नाचणीची भाकरी. ह्या पिठांना गव्हासारखा चिवटपणा नाही. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात एक गंमत करून दाखवावी. गव्हाच्या कणकेचा गोळा वाटीतल्या पाण्यात हळूहळू धुवावा. पांढरे सत्त्व पाण्यात उतरते आणि हातात रबरासारखा एक चिवट लगदा उरतो. तोच पावाचा प्राण. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव. ते पिठातली साखर खाऊन वायू सोडतात, तो वायू ह्या चिवट जाळ्यात अडकतो आणि कणीक फुगते. तांदळाच्या पिठाचा गोळा धुऊन पाहा, हातात काही उरणार नाही. म्हणून तर आपल्या आयाबहिणी त्याची गरम पाण्याने उकड काढतात. उकडीने पीठ एकमेकांना धरते आणि भाकरी थापता येते. भाकरी फुगते ती आतल्या वाफेने, क्षणभर. पाव फुगलेलाच राहतो. हा फरक कुणाच्या लक्षात आला नाही आणि यंत्रात नुसते नाचणीचे पीठ घातले, तर वीट बाहेर येईल, बरे का!

पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. 'पायाने तुडवतात म्हणून पाव' असे जे सांगतात, ते खरे नाही. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात स्थिरावले. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौल-रेवदंड्याला १५२१ पासून त्यांचा किल्ला होता, तो १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ पाव खाणारे लोक आपल्या जिल्ह्यात नांदत होते. समोरच्या कोर्लईला पोर्तुगीज वळणाची बोली अजून बोलतात. गोव्यात पाव भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही शब्द त्यांचाच. तिकडे पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर घालीत. सुरेतही तेच सूक्ष्म जीव असतात. फ्रान्सच्या लुई पाश्चरने ह्या जीवांचे काम १८५७ पासून पुढे उलगडून दाखविले; पोदेराने मात्र पाश्चरची वाट पाहिली नाही.

पण पाव पाववाल्याच्या हातचा, आणि तो हात परधर्माचा. वसईकडे जुनी माणसे सांगत, की पाद्री विहिरीत पाव टाकीत आणि त्या विहिरीचे पाणी नकळत जो प्याला तो बाटला. मंडळी, एक तुकडा पाण्यात पडला म्हणून माणसाचा धर्म जातो, असे मानणारे शेजारी त्याला परत घरात घेईनात. विहिरीत पाव टाकणारा एक, पण माणसाला दाराबाहेर ठेवणारे त्याचेच सोयरे. पाव आणि पाणी ही जोडी तेव्हापासून आपल्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते.

दादोबा पांडुरंग तर्खडकर हे नाव शिक्षकांना सांगायला नको. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले. ह्या दादोबांनी आणि त्यांच्या स्नेह्यांनी १८४९ साली मुंबईत परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा, हा तिचा हेतू. सभासद होणाऱ्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाने आणलेले पाणी प्यायचे, ही तिथली कसोटी. मौज अशी, की हे सारे गुप्तपणे चाले. १८६० मध्ये सभेचे कागद चोरीला गेले, नावे फुटण्याची वेळ आली आणि सभा मोडली. एवढी विद्वान माणसे, पण पावाचा तुकडा दार लावून खावा लागला!

पुढे ३० वर्षांनीही फार फरक पडला नव्हता. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे दिली गेली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि गावभर गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. बिस्किट म्हणजे तरी काय, पावाचाच कोरडा भाऊ.

पण मला वाटते, हे सगळे वरच्या मजल्यावरचे भांडण. ज्याला पाव खाऊन जात टाकता येत होती, त्याच्याजवळ टाकायला काहीतरी होते. ज्याला तळ्याचे पाणीच घेऊ देत नव्हते, त्याने काय टाकावे? आणि इथे आपण पुन्हा महाडला येतो.

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तळे मात्र कागदावरच खुले राहिले. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, तेव्हा तळ्याच्या गावात परिषदेला ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला मंडळी तळ्यावर गेली, बाबासाहेबांनी पाणी घेतले, हजारोंनी घेतले. मग अफवा उठली, की हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या, मंडपात चाललेल्या जेवणात माती मिसळली गेली. अन्नात माती कालवणे हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. महाडात तो अक्षरशः घडला. नंतर १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. ह्या तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तो तळे खुले राहण्याच्या बाजूने निकालात काढला.

इकडे पोटासाठी मुंबईला गेलेल्या आपल्या चाकरमान्यांना पाव रोजचा झाला. आधी गोवेकरांच्या, मग इराणातून आलेल्या पारशांच्या भट्ट्या होत्याच. पहाटेच्या पाळीला जाणारा गिरणीकामगार भट्टीवाल्याची जात विचारीत बसला नाही. शिमग्याला, गणपतीला गावी येताना पिशवीत पाव, बटर, खारी आली. तरीही पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून पाव बरेच दिवस आजाऱ्याचे खाणेच राहिला. ताप आला की चहा-पाव, बरे वाटले की भाकरी.

आता यंत्राकडे वळू. असले घरगुती यंत्र जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९८७ मध्ये बाजारात आणले. ते घडविताना कारागिरांची फजिती झाली होती. कवच कडक आणि आत कच्चे, असाच पाव निघे. कणकेची क्ष-किरण चित्रेसुद्धा काढून पाहिली, उमज पडेना. तेव्हा इकुको तानाका नावाची कंपनीतली एक बाई ओसाका शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या पाववाल्याकडे मळणे शिकायला गेली. पुष्कळ दिवस पाहून तिच्या ध्यानात आले, की हा माणूस कणीक नुसती ताणत नाही, ताणताना पीळही देतो. मग भांड्याच्या आतल्या बाजूला उंचवटे बसवले, पात्याच्या फेऱ्याबरोबर कणकेला पीळ बसू लागला आणि पाव जमला. तेव्हा आजी, तुमच्या प्रश्नाला उत्तर आहे. हात ओसाकाच्या पाववाल्याचा! एका बाईने तो पाहून पाहून लोखंडात उतरवला.

हे सांगायला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या घरी गेलो, तर तिथे वेगळाच प्रकार चाललेला. यंत्रात दुसरा पाव लावला होता, कणीक छान फुगून वर आली होती, आणि वीज गेली. पावसाळ्यात ती जातेच. थोडी मिनिटे गेली तर यंत्राला आपले काम आठवते, पण तास गेला तर नाही. नातू हिरमुसून बसला. आजींनी मात्र जाड बुडाचे पातेले काढले, तेल लावले, अलगद कणीक त्यात सोडली आणि मागच्या पडवीतल्या चुलीवर ठेवून झाकणावर निखारे घातले. काकडीचे धोंडस करतात ना, तसेच, खाली विस्तव आणि वर विस्तव.

पाऊण तासाने पाव उतरला. बुडाला थोडा करपला होता, पण आत जाळी पडली होती. मी ओसाकाच्या पाववाल्याची गोष्ट सांगितली. आजींनी ती नीट ऐकून घेतली, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "असेल बाबा त्याचा हात. पण मीठ आमच्या पोरानं कमी घातलंय."