निवासमंडप आणि विश्वाचे तीन लोक

मोशेने अरण्यात उभारलेल्या निवासमंडपाचे तीन भाग आपल्या परिचयाचे आहेत: उन्हापावसाला उघडे अंगण, दीपवृक्षाने उजळलेले पवित्रस्थान आणि पडद्याआडचे परमपवित्रस्थान. या रचनेत सारे विश्व सूचित झाले आहे, असे प्रतिपादन जोव्हान्नी पिको देल्ला मिरांदोला या इटालियन विद्वानाने १४८९ साली 'हेप्टाप्लस' या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावरील भाष्यात केले. अंगण म्हणजे आपले नाशवंत जग, पवित्रस्थान म्हणजे ग्रहताऱ्यांचा लोक, तर परमपवित्रस्थान म्हणजे देवदूतांचा लोक. चौथे जग मानवाचे. त्याच्या ठायी हे तिन्ही लोक एकत्र येतात.

या चिंतनामागे अनेक प्रवाह होते. त्यांपैकी एक, हर्मेसच्या नावावरील ग्रंथांचा. फिचिनोने १४६३ साली त्यांचे लॅटिन भाषांतर केले, तेव्हा ते अतिप्राचीन मानले जात. ते ख्रिस्तोत्तर काळातील असल्याचे कासोबाँने १६१४ साली भाषेच्या पुराव्यावरून दाखवून दिले. दुसरा प्रवाह यहुद्यांच्या कब्बालेचा. तिच्या मते अगम्य परमेश्वर दहा 'सफिरोत'मधून प्रकट होतो. पुढे याच परंपरेने दैवी उगम, निर्मिती, घडण आणि कृती असे चार लोक सविस्तर मांडले.

१४८६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, पिकोने रोममध्ये ९०० प्रमेये जाहीर चर्चेसाठी मांडली. ख्रिस्ताच्या देवत्वाची खात्री जादूविद्या आणि कब्बाला यांच्याइतकी कोणतेही शास्त्र देत नाही, असे त्यांतील एक होते. चौकशी समितीने १३ प्रमेये आक्षेपार्ह ठरवली. त्याने आपली बाजू लिहून मांडताच पोप इनोसंट आठवे यांनी संपूर्ण पुस्तकावर बंदी घातली. तो फ्रान्सला पळाला, पकडला गेला आणि लोरेन्झो मेदिची यांच्या रदबदलीने फ्लॉरेन्सला परतला. १४९३ साली पोप अलेक्झांडर सहावे यांनी त्याला दोषमुक्त केले. पुढच्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी, तो मरण पावला.

वाचकहो, पिकोची ज्ञानतृष्णा थोर होती. परंतु ज्यांच्याकडून हे धन घेतले, त्या यहुद्यांनाच निरुत्तर करण्यासाठी त्याने ते वापरू पाहिले. यहुदी लोकांशी आपला समान आध्यात्मिक वारसा आहे, हे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत नमूद केले. जळत्या झुडपापाशी मोशेला पायतण काढावयास सांगण्यात आले होते. दुसऱ्याच्या पवित्रस्थानात पाऊल ठेवताना आपणही तेवढे करावे.