खिलारांचा बाजार आणि वंशावळीचा कागद

मोडनिंबहून पंढरपूर तीसेक किलोमीटरवर आहे. कार्तिकी जवळ आली की माढ्याच्या बाजूने आलेले बैल आमच्या रस्त्याने चालत जायचे. शिंगे घासूनपुसून तेल लावलेली, गळ्यात घुंगुरमाळा, मागे डोक्याला पटका बांधलेला मालक. १९०६ साली बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची सोय झाली. बैल मात्र माझ्या लहानपणीही पायीच जात होते. वाखरीच्या तळावर पोचेपर्यंत वाटेतच त्यांची पारख सुरू झालेली असे.

आपल्या भागातल्या या बाजारांना वर्षाचा एक क्रम आहे. कार्तिकात पंढरपूर, मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाची यात्रा, पौषात आणि पुन्हा चैत्रात खरसुंडी. सांगोल्याचा रविवारचा बाजार तर वर्षभर चालतो. हा क्रम देवाच्या तिथींवर बसवलेला दिसत असला, तरी त्याच्या खाली शेतीचे गणित आहे. कार्तिकात खरिपाचा पैसा हातात आलेला असतो आणि रब्बीच्या कामाला बैल हवे असतात. चैत्रात ज्वारी निघून कडबा रचला गेलेला असतो. उन्हाळ्यात किती तोंडे पोसता येतील, हे त्या गंजीकडे पाहून ठरते. पाऊस हुकलेल्या वर्षी चैत्राच्या बाजारात चांगले जनावरही मातीमोल जाते.

हा बाजार मुख्यतः खिलारांचा. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप, आणि तो राखणारे ते थिल्लारी. जोशी आणि फिलिप्स यांनी १९५३ साली जागतिक अन्न व शेती संघटनेसाठी भारत-पाकिस्तानातल्या गुरांवर ग्रंथ लिहिला. त्यात खिलारांचे चार प्रकार दिले आहेत : आटपाडी महाल, म्हसवड, तापीकाठची थिल्लारी आणि 'नकली'. शरीराच्या ठेवणीवरून खिलारांचे नाते म्हैसूरकडच्या हल्लीकर गुरांशी जोडले जाते. वर्गात सांगण्याजोगी एक गंमत अशी, की पांढऱ्या खिलाराच्या वासराचा माथा जन्मतः तांबूस असतो आणि दोनएक महिन्यांत तो रंग नाहीसा होतो.

बाजारात पारख कशी करतात? आधी तोंड उघडून दात पाहतात. दुधाचे दात असलेला तो आदत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती आणि शेवटी जुळलेला. पुढच्या दातांच्या जोड्या ठरावीक वयात बदलतात, त्यामुळे ही वय मोजण्याची पूर्ण शास्त्रीय रीत आहे. नंतर खूर, छाती, वशिंड, शिंगांची वळणे, चाल. भोवरेही पाहतात. भोवऱ्याच्या जागेवरून शुभ-अशुभ ठरवण्याला काही आधार नाही, पण त्यापायी किंमत उतरते हे खरे. शेवटी हेडी उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. या सगळ्यात एक प्रश्न क्वचितच विचारला जातो : याची आई कोणती?

इंग्लंडमध्ये याच प्रश्नाभोवती एक मोठा व्यवसाय उभा राहिला. तिथे बैल ओढीसाठी नव्हे, मांसासाठी निवडला जात होता. म्हणून पायांपेक्षा पाठ आणि मांड्या महत्त्वाच्या. १८१० साली चार्ल्स कॉलिंग यांच्या लिलावात कॉमेट नावाचा शॉर्टहॉर्न वळू चौघांनी मिळून १,००० गिनींना घेतला. बारा वर्षांनी, १८२२ मध्ये, या जातीचे वंशनोंद पुस्तक निघाले. ते कोट्स यांचे.

कॉमेटची वंशावळ विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवावी. त्याचा बाप फेवरिट. फेवरिटचा त्याच्याच आईशी, फिनिक्सशी, संयोग घडवून यंग फिनिक्स ही कालवड झाली. तिच्यावर पुन्हा फेवरिटच सोडला आणि कॉमेट जन्मला. अशा वासरात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता किती? फेवरिटच्या वाटेने १/४, फिनिक्सच्या वाटेने १/८. एकूण ३/८, म्हणजे ३७.५ टक्के. हे मोजण्याची रीत १९२२ साली स्यूअल राईट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिली, तीही शॉर्टहॉर्नचीच पुस्तके चाळून. आणखी मागचे नातेसंबंध धरल्यावर कॉमेटचा आकडा सुमारे ४७ टक्के निघाला.

असा एकवट वंश रूपाने एकसारखा होतो, पण झाकलेले दोषही वर येतात. बेट्स यांच्या 'डचेस' घराण्याचे तेच झाले. १८७३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लिलावात या घराण्याची एक गाय ४०,६०० डॉलरना गेली. घराणे तोवर वांझपणाने संपत आले होते. लोक गाय नव्हे, कागद विकत घेत होते.

आपल्याकडे उलटे झाले. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेती आयोगाने १९२८ मध्ये पशुपैदाशीकडे लक्ष वेधले, १९४१ पासून काही निवडक भारतीय जातींची नोंदपुस्तके सुरू झाली, पण बाजारातल्या शेतकऱ्यापर्यंत कागद पोचला नाही. त्यातच एक विसंगती आहे. प्रदर्शनात नंबर मिळवणारा देखणा खोंड पुष्कळदा बैल म्हणून विकला जातो. म्हणजे कामाला जुंपण्यासाठी त्याची खच्ची होते आणि त्याचा वंश तिथेच थांबतो. जे थोडे वळू उरतात त्यांच्यावर सगळा भार. चार वळू आणि शंभर गाई असलेला कळप डोळ्यांना एकशे चारचा दिसतो. आनुवंशिकतेच्या हिशेबात तो ४ × ४ × १०० भागिले १०४, म्हणजे जेमतेम पंधरा जनावरांचा असतो. वळू एकच असेल तर चारचा.

ट्रॅक्टर आला तसे ओढीचे काम गेले. मग खिलाराची किंमत शर्यतीवर टिकली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले. परवानगीनंतर पळणाऱ्या खोंडांचे भाव चढले. मला यात आनंदाइतकीच धास्ती वाटते. नाव झालेल्या एकाच वळूकडे सगळे गाई घेऊन गेले, तर पाचसहा पिढ्यांत आपण आपलाच कॉमेट तयार करू, आणि नोंद नसल्यामुळे ते कळणारही नाही. मधेच २०२२ च्या सप्टेंबरात लम्पी त्वचारोगामुळे राज्यात गुरांचे बाजार, यात्रा आणि प्रदर्शने बंद करावी लागली. ज्यांच्या गोठ्यात एकच चांगली गाय होती, त्यांची ती गेली की त्या घरची ओळ संपली.

आता जनावरांच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री करू नये, असा राज्याचा नियमही झाला. तो मुख्यतः रोगनियंत्रणासाठी असला, तरी त्या अंकांना आई-बापाचे अंक जोडता येतात. कृत्रिम रेतनाच्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. अडचण गावच्या वळूची, त्याची नोंद कुणी करत नाही.

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. नववीच्या मुलांना आपापल्या वस्तीवरच्या पाच खिलार गाईंची माहिती आणायला सांगा : आई कुणाची, वळू कुणाचा, त्या वळूची आई कुणाची. एका शाळेत आम्ही हे करून पाहिले. बापाचे नाव मुलांना घरी लगेच मिळाले, शर्यतीतल्या बक्षिसांसकट. आजीची नावे मिळाली ती घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडून. धार त्या काढत होत्या.