पणजीच्या लहान बागेतील एक फेरी

नगराचा इतिहास शोधावयास निघालेला अभ्यासक प्रथम किल्ला, राजवाडा, देवालय पाहतो. बागेकडे तो विसावा घेण्यापुरताच वळतो. पणजीत मात्र या क्रमाने जाणाऱ्याचा तोटा होतो, असा आमचा अनुभव आहे. निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चच्या नागमोडी पायऱ्या उतरून चौकात आले की समोर जी लहानशी बाग लागते, ती फिरून पाहण्यास पंधरा मिनिटेही पुरतात. पण त्या पंधरा मिनिटांत गोव्याच्या चार शतकांचा हिशेब मांडता येतो.

पणजीला राजधानीचा दर्जा 1843 मध्ये मिळाला. त्यानंतर बारा वर्षांनी, 1855 मध्ये, ही बाग आखली गेली. मांडवीकाठची दलदल बुजवून नवे नगर वसविण्याचे काम त्या आधीच सुरू झाले होते. सरळ रस्ते, चौक आणि बाग ही त्या नव्या नगराची लक्षणे होत. बागेतील बँडचा मंडपही त्याच नागरी हौसेची साक्ष देतो. येथे वाद्ये वाजत आणि मंडळी फेऱ्या मारीत.

मंडपाकडून पुढे गेले की मधला स्तंभ लागतो. या स्तंभावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाल्यावर तो पुतळा गेला आणि त्या जागी अशोकाचे सिंह आले. खांब तोच राहिला, माथा बदलला. सत्तांतराचा याहून बोलका पाठ शिक्षकांस विद्यार्थ्यांपुढे ठेवता येणार नाही.

परंतु स्तंभावरील नाव गेले तरी बागेचे नाव गेले नाही. ते आहे गार्सिया द ओर्ता या वैद्याचे. येथे आमचा खरा प्रश्न सुरू होतो. परकीय राजवटीच्या या खुणेवर आपण प्रेम करावे काय?

उत्तर देण्यापूर्वी हा मनुष्य कोण होता हे पाहिले पाहिजे. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या आणि पोर्तुगालात सक्तीने ख्रिस्ती केल्या गेलेल्या ज्यू कुटुंबात तो जन्मला. 1534 मध्ये तो गोव्यास आला आणि मरेपर्यंत, म्हणजे 1568 पर्यंत, हिंदुस्थानातच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याने वैद्यकी केली. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. महाराष्ट्राशी त्याचा संबंध हा असा प्रत्यक्ष होता.

1563 मध्ये गोव्याच्या छापखान्यात त्याचा ग्रंथ निघाला. हिंदुस्थानातील वनस्पती व औषधी यांविषयीचे ते संवाद आहेत. विद्वानांची लॅटिन सोडून त्याने पोर्तुगीज वापरली आणि ग्रीक-अरब आचार्यांच्या वचनांपेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीस अधिक मान दिला. कवी कामोंइशची छापली गेलेली पहिली कविता याच ग्रंथात आली. चारच वर्षांत, 1567 मध्ये, क्लूसियसने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि त्यातूनच युरोपला आपली औषधी झाडे कळू लागली.

मराठी वाचकास त्यातील एक शब्द विशेष जवळचा वाटावा. पटकीच्या रोगाचे त्याने केलेले वर्णन युरोपीय वैद्यकातील पहिल्या वर्णनांपैकी मानले जाते. तेथे त्याने स्थानिक नाव ‘मोर्शी’ असे दिले आहे. ही आपली ‘मोडशी’च होय. ग्रंथात मालुपा नावाचा हिंदू वैद्यही संवाद करतो, तर एक दासी झाडपाला आणून देते. शोधाचे श्रेय ज्याच्या नावावर जाते, त्याच्यामागे ज्यांची नावे राहिली नाहीत अशी किती माणसे उभी होती, हेही वाचताना ध्यानी घ्यावे.

आता शेवट ऐका. गोव्यात धर्मन्यायासन 1560 मध्ये स्थापन झाले. ओर्ता जिवंत असेतो त्यास हात लागला नाही. त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, 1569 मध्ये, त्याची बहीण काटारीना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. 1580 मध्ये ओर्ताचीही हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. ज्या सत्तेने त्याच्या ग्रंथाचे पहिले मुद्रण होऊ दिले, तिच्याच छत्राखाली हे घडले.

म्हणून बागेच्या नावाबाबत आम्हांस वाटते ते असे. स्तंभावरून उतरवलेली मूर्ती सत्तेच्या प्रवासाची होती. ती उतरली हे योग्यच झाले. ओर्ताचे नाव मात्र सत्तेने छळलेल्या माणसाचे आहे. त्याच्या हाडांस गोव्यात जागा उरली नाही; नावास तरी या चार झाडांची सावली मिळाली. ती काढून घेऊन आपण कोणाचा सूड घेणार?

तरीही हे नाव आहे तसे मिरवणेही पुरेसे नव्हे. बागेत येणाऱ्या मुलास वैद्य ओर्ता कळावा, तशीच काटारीनाही कळावी, मालुपाही कळावा. शिक्षकबंधूंस आमची एवढीच विनंती, की वर्गातील पोरांस एकदा येथे आणून चर्चच्या पायऱ्यांपासून मंडप, मंडपापासून स्तंभ, आणि स्तंभापासून झाडांपर्यंत अशी फेरी घडवावी. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न विचारावा : येथे कोणाचे नाव लिहिले आहे, आणि कोणाचे लिहावयाचे राहिले?

उत्तर शोधता शोधता फेरी पुन्हा चौकात येते. संध्याकाळी बाकांवर बसलेल्या मंडळींस आपण इतिहासावर बसलो आहोत याची जाणीव नसते. नसेना का. झाडांना ती आहे असे मानावयास आम्हांस आवडते. निदान त्यांची आपली जुनी नावे लिहून घेणारा एक मनुष्य या मातीत होऊन गेला, हे विसरता कामा नये.